राहीनं ऐकलेला रेडिओ

रावजी शिवगण मुंबईहून कायमचा परत आला तो एक्याऐंशी सालच्या दिवाळीनंतर. एसटीच्या टपावरून त्याची ट्रंक खाली आली. तीत तीन सदरे, दोन लेंगे, एक घोंगडी आणि बिस्किटांच्या जुन्या पत्र्याच्या डब्यात रेडिओ दुरुस्तीचं सामान. कान मात्र तो मुंबईतच ठेवून आला होता. एकतीस वर्षं गिरणीच्या विणाई खात्यात काढलेली. एका छताखाली चारशे माग खडखडायचे. पहिली दहा वर्षं घरी आल्यावरही डोक्यात माग चालू राहत, मग हळूहळू ते थांबले, आणि त्यांच्याबरोबर बाकीचंही सगळं थांबलं. कावळा ओरडला तर त्याची चोच उघडलेली दिसायची, एवढंच.

रावजीला त्याचं फार दुःख होतं असं नाही. विणाई खात्यात आवाजानं बोलायची सोयच नव्हती. तिथे सगळे ओठांनी बोलत. पलीकडच्या रांगेतला माणूस तोंड हलवायचा आणि त्याच्या गावी भात कसा झाला ते रावजीला इकडे कळायचं. मुंबईच्या माणसांची तोंडं तो पुस्तकासारखी वाचत असे. रविवारी चाळीच्या तळमजल्यावर धाकू मेस्त्रीच्या रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात जाऊन बसे. धाकू म्हातारा होता, बोलका होता, आणि त्याच्या ओठांवर मिशी नव्हती. "रेडिओ कानानं दुरुस्त होत नाय रे," तो म्हणायचा. "डोळ्यानं होतो. नाकानं होतो. कान शेवटी लागतो, तो गिऱ्हाइकाचा." अशा रीतीनं व्हॉल्व, म्हणजे आतल्या काचेच्या नळ्या, बदलायला, कंडेन्सर काढून नव्याला सोल्डरचा डाग द्यायला, जळक्या वासावरून आजार ओळखायला रावजी शिकला.

पण गावी आल्यावर एक अडचण झाली. बायकोचं बोलणं त्याला कळेना.

राही रत्नागिरीत नाचण्याच्या रस्त्याला उमाबाईंच्या आवारात राहत होती. उमाबाई शाळेतून निवृत्त झालेल्या मास्तरीणबाई, अडुसष्ट वर्षांच्या, एकट्या. गावची शेती दिराकडे गेली तेव्हा राही त्यांच्याकडे कामाला आली आणि मागच्या दोन खोल्यांत राहू लागली, त्यालाही दहा वर्षं झाली होती. रावजी येऊन-जाऊन असे. शिमग्याला आठ दिवस, गणपतीला आठ दिवस. तीस वर्षांच्या संसारात दोघं एका छपराखाली किती राहिली असतील, तर सगळे दिवस जोडले तरी दीड वर्षाच्या पलीकडे गेले नसते. त्यामुळे राहीची नव्या नवरीची सवय मोडायला सवडच मिळाली नव्हती. नवऱ्याशी बोलायचं तर मान खाली, पदराचं टोक ओठांशी. आता केस पिकले होते, पण पदर तिथेच होता.

ती बोलायची ते पदराला कळायचं. रावजी तिच्या कपाळाकडे बघत बसायचा. काही दिवस तिनं मोठ्यानं बोलून पाहिलं, पण मोठ्यानं बोललं की भांडल्यासारखं वाटायचं, आणि भांडावं इतकी ओळख दोघांची नव्हती. मग तिनं बोलणंच सोडलं. ताट मांडायची, तांब्या ठेवायची, चुलीकडे निघून जायची. रावजी जेवायचा आणि पायरीवर बसून सुपारीच्या झाडांचे शेंडे हलताना बघायचा. सोबत होती, पण मधे आरशाची मागची बाजू ठेवल्यासारखं वाटायचं.

उमाबाईंना हे दिसत होतं. एक दिवस त्यांनी रावजीला माजघरात बोलावलं. कपाटावर भरतकामाच्या कापडाखाली एक मोठा लाकडी रेडिओ होता. बाईंनी हातातल्या पाटीवर वळणदार अक्षरात लिहिलं, "अण्णांनी घेतला. सन त्रेपन्न. बारा वर्षं बंद आहे. बाजारात म्हणतात, टाकून द्या." अण्णा म्हणजे त्यांचे यजमान, रेडिओ बंद पडला त्याच्या पुढच्या वर्षी गेलेले. मग त्यांनी पाटी पुसली आणि खाली लिहिलं, "बोलला नाही तरी चालेल. नुसता उजळला तरी पुरे."

रावजी चौथीपर्यंत शिकलेला. त्यानं ते दोनदा वाचलं, कापड बाजूला केलं, आणि लाकडावर तळहात ठेवला. घोड्याच्या मानेवर ठेवतात तसा.

"बघतो," तो म्हणाला. स्वतःचा आवाजही त्याला ऐकू येत नसे, म्हणून तो नेहमी हळूच बोलायचा.

रावजी आणि राहीनं मिळून रेडिओ मागच्या पडवीत आणला. पाठीचा पुठ्ठा काढला तर आत एक वेगळंच गाव वसलेलं. ट्रान्सफॉर्मरच्या कडेला कुंभारीण माशीनं मातीची चार घरं बांधली होती. पालीची दोन अंडी फुटून टरफलं उरली होती. आणि धूळ इतकी मऊ होती की बोट बुडत होतं. रावजीनं एकेक व्हॉल्व उपटून उजेडात धरला. व्हॉल्वच्या काचेला आतून चांदीसारखा मुलामा असतो. तो शाबूत तर व्हॉल्व जिवंत, तो दुधासारखा पांढरा झाला तर आत हवा शिरली, कामातून गेला. चार व्हॉल्व चांदीचे निघाले, एक दुधाचा. त्याच्या जागी दुसरा हवा म्हणून रावजीनं त्याच दिवशी धाकू मेस्त्रीला कार्ड टाकलं.

मग रोज दुपारी, जेवणं झाली की तो पडवीत बसायचा. कुंचल्यानं धूळ झाडायचा. मेणाचे जुने कंडेन्सर उन्हाळे खाऊन पाझरले होते, त्यांचं मेण तारांवर थिजलं होतं. ते एकेक करून सोडवायचा. सोल्डर वितळलं की निळसर धूर वर जायचा आणि त्याला तो वास बरा वाटायचा. राळेचा, देवळात मागे राहतो तसा. राही भांडी घासता घासता बघायची. मदत हवी का असं तिनं विचारलं नाही, पण एक दिवस समोरची काच त्याच्या हातून घेतली आणि रिठ्याच्या पाण्यानं धुतली. तिच्यावरची अक्षरं इंग्रजी होती. उमाबाईंनी खुर्चीवरून ती वाचून दाखवली. कोलंबो, काबूल, सायगाव, मॉस्को, रंगून.

"रंगून?" राही थबकली. "आमची आय सांगायची, लढाईच्या आधी रंगूनचा तांदूळ यायचा बंदरात. जाडा, पण फुगायचा लई." काच उन्हात धरून तिनं ते अक्षर बोटानं शोधलं. "इंग्रजांनी इथं आणून ठेवलेला थिबा राजा तिथलाच ना, बाई?"

"त्याच देशातला."

राहीनं काच पुसून पुसून अशी केली की ती हातात आहे हे कळू नये. मग ती भिंतीला टेकवून ठेवली, आणि दुपारचं ऊन तिच्यातून जाऊन जमिनीवर गावांची नावं उलटी पडली. राही आणि रावजी बराच वेळ त्या उलट्या नावांकडे बघत राहिली. ऊन सरकलं तसा रंगून हळूहळू पायरीवरून खाली उतरला.

पौष लागला. एका ट्रकवाल्याबरोबर मुंबईहून पुडकं आलं. धाकू मेस्त्रीनं व्हॉल्व कापसात गुंडाळून नारळाच्या करवंटीत बसवला होता आणि वरून दुसरी करवंटी बांधली होती. रावजीनं तो बसवला. मग त्यानं दिव्याची एक युक्ती केली. बारा वर्षं झोपलेल्या सेटला एकदम वीज दिली तर तो जळतो, म्हणून विजेच्या वाटेत एक साधा बल्ब जोडला. आत कुठे काही बिघाड असेल तर बल्ब लख्ख पेटणार, सगळं ठीक असेल तर नुसता तांबूस होणार. बहिऱ्या माणसाला याहून चांगला सोबती मिळायचा नाही.

उमाबाई खुर्ची घेऊन आल्या. पडवीची झडपं लावून अंधार केला. रावजीनं बटण फिरवलं.

बल्ब उजळला, मग मंद झाला. काही वेळ काहीच नाही. मग व्हॉल्वच्या पोटात नारिंगी ठिणगी दिसली. एक, मग दुसरी, मग पाचही, संध्याकाळी आळीत एकामागून एक घरी दिवे लागावेत तसे. गावांच्या नावांमागे पिवळा उजेड पसरला. आणि शेवटी, बरंच उशिरा, समोरच्या गोल भिंगात हिरवा डोळा उमलला. स्टेशन लागतं तेव्हा हा डोळा मिटत येतो, म्हणून त्याला डोळाच म्हणतात. कोवळ्या केळीच्या पानासारखा हिरवा होता तो. उमाबाईंनी चष्मा काढला, पुसला, आणि पुन्हा लावलाच नाही.

रावजीनं लाकडाला तळवा लावला. आत काहीतरी थरथरत होतं. पण काय? त्यानं मागे वळून पाहिलं. दारात राही उभी होती, तिनं ऐकलं होतं, ती काहीतरी सांगत होती. पदराच्या आडून.

"काय म्हणतेस?"

पदर हलला.

"पदर काढ, गो." रावजी कधी नव्हे तो मोठ्यानं बोलला असावा, कारण उमाबाई दचकल्या. "तोंड वर कर. मला तुझं तोंड दिसत नाय. दिसलं नाय तर कळायचं कसं?"

राहीनं आधी बाईंकडे पाहिलं, मग जमिनीकडे. तिच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. मग तिनं पदर खांद्यावर टाकला, हनुवटी उचलली आणि नवऱ्याच्या डोळ्यांत बघून, एकेक अक्षर सुटं करून म्हणाली,

"भुंगा."

"काय?"

"भुंगा घुमतोय. वाशाला भोक पाडतो तसला. काळा."

रावजी हसला. एवढा हसला की त्याला ठसका लागला. चाळीच्या तळमजल्यावर धाकू मेस्त्री ज्याला हम म्हणायचा, तो हा भुंगा. म्हणजे मोठा कंडेन्सर सुकलेला. बटण बंद करून तो लगेच कामाला लागला.

त्या दिवसापासून राही त्याच्या समोर बसू लागली. शेजारी नाही, समोर. तो आत हात घालायचा, तार हलवायचा आणि तिच्या तोंडाकडे बघायचा. ती डोळे मिटून ऐकायची, मग डोळे उघडून सांगायची. भुंगा गेल्यावर दुसऱ्या दिवशी ती म्हणाली, "चिंचोके सांडतायत." आवाजाचं बटण आतून गंजलं होतं. ते पुसलं. "आता पेजेला कढ आलाय, नुसतं रटरटतंय." एक डाग सुटा होता. मग एकदम ती पुढे वाकली. "माणूस! माणूस बोलतोय! पण पडसं झालंय त्याला."

"पडसं?"

"नाकातनं बोलतोय."

स्पीकरचा कागद एका कडेला फाटला होता. रावजीनं पतंगाचा कागद आणला, राहीनं तांदळाची खळ करून दिली, आणि दोघांनी श्वास रोखून फाट जोडली. खळ वाळेपर्यंत दोन दिवस काम बंद होतं. त्या दोन दिवसांत मात्र जरा चमत्कारिकच झालं. राही पाणी भरून आली आणि काही काम नसताना त्याच्या समोर येऊन बसली. "बाहेर कावळा नाय, भारद्वाज ओरडतोय," तिनं सांगितलं. "रिकाम्या घागरीत बोलल्यागत." थोड्या वेळानं म्हणाली, "बाईंच्या झोपाळ्याची कडी कुरकुरतेय." रावजी मान हलवत होता. वीस वर्षांत त्याला झोपाळ्याची कडी कुणी ऐकवली नव्हती.

तिसऱ्या दिवशी स्टेशन स्वच्छ लागलं.

माघातली दुपार होती. आवारातल्या आंब्याच्या कलमांना मोहोर आला होता आणि त्याचा उग्र गोड वास पडवीत भरला होता. रावजीनं काटा हळूहळू सरकवला. हिरवा डोळा मिटत मिटत बारीक चिरेएवढा राहिला. तिथे त्यानं हात थांबवला आणि राहीकडे पाहिलं. ती ऐकत होती. मग तिचे ओठ हलू लागले. रेडिओतली बाई जे बोलत होती तेच, अर्धा श्वास मागून.

"उद्या संध्याकाळपर्यंत... समुद्र शांत राहील. वारे... ईशान्येकडून. मच्छीमारांना... कसलाही इशारा नाही."

रावजी वाचत होता. मुंबईची शेकडो तोंडं त्यानं वाचली होती, पण हे तोंड असं समोर, इतकं सावकाश, कधीच नाही. वरच्या ओठाजवळ एक तीळ होता, तो त्याला माहीत नव्हता. बातम्या आल्या, भाताचे भाव आले, कुणी भजन म्हटलं. राही गाऊ शकत नव्हती म्हणून तिनं नुसते शब्द सांगितले. दुपार अशीच सरकत होती. व्हॉल्वची ऊब गुडघ्यांना लागत होती. उमाबाई आत पडल्या होत्या. रावजीला वाटलं, आपण एखाद्या होडीत बसलो आहोत आणि वल्ही कुणीच मारत नाही.

"चिमा पोस्टमनला बा म्हणायची," राहीचे ओठ म्हणाले.

रावजी वाचतच राहिला. मग त्याच्या भुवया जवळ आल्या. "हे रेडिओवर सांगतायत?"

"नाय," राही म्हणाली. "हे मी सांगतेय."

चिमा त्यांची मुलगी. पंचावन्न सालची. अकरा महिन्यांची होऊन गेली. श्रावणात तीन दिवस ताप आला, ओढ्याला पूर होता, पलीकडे डॉक्टर. रावजीला पत्र मिळालं ते आठ दिवसांनी. तो गणपतीला घरी आला तेव्हा दारात राहीनं पदराआडून दोनच शब्द सांगितले होते. त्यावर पुढे सव्वीस वर्षं कुणी काही बोललं नाही. दुसरं मूल झालं नाही. शिमग्याचे आठ दिवस आणि गणपतीचे आठ दिवस असल्या बोलण्याला पुरत नाहीत.

"तुमचं पाकीट घेऊन तो यायचा ना," राही सांगत होती, चेहरा वर, पदर खांद्यावर. "मी म्हणायची, बघ, बा आलं. पत्राला म्हणायची मी. तिनं त्यालाच धरलं. लांबून खाकी टोपी दिसली की हात पसरायची. तोही हसायचा बिचारा. शेवटच्या दिवशी तो आला नाय. पावसानं. ती दाराकडे बघत होती."

रेडिओतला माणूस अजून काहीतरी बोलत असावा, कारण हिरवा डोळा थोडा थोडा लवत होता. रावजीनं बटण बंद केलं नाही. त्याचा हात लाकडावर होता, तिथेच राहिला.

"मी तिला बोलताना ऐकलंच नाय," तो म्हणाला. "शिमग्याला आलो तेव्हा नुसती बघायची. तेव्हा कान होते मला. कसा होता आवाज?"

राहीनं डोळे मिटले. भुंगा शोधला तशी, चिंचोके शोधले तशी ती शोधत होती. 

"ओल्या मडक्यावर टिचकी मारल्यागत," ती म्हणाली. "बारीक. पण घुमायचा."

रावजीनं मान हलवली. त्याला तो आवाज आला की नाही, हे कोण सांगणार. पण त्यानं सदऱ्याच्या बाहीनं डोळे पुसले आणि राहीनं ते बघितलं, आणि दोघांपैकी कुणीच उठून गेलं नाही.

चार दिवसांनी रेडिओ माजघरात कपाटावर गेला. त्याच्या लाकडाला रावजीनं पॉलिश करून दिलं होतं. उमाबाईंनी तिन्हीसांजेला दिवा न लावता तो सुरू केला आणि त्या पिवळ्या उजेडात बसून राहिल्या. सतारीचा कार्यक्रम होता. राहीनं दारातून रावजीला सांगितलं, "काय वाजतंय ते मला नाय येत सांगता. पण बाईंचा पाय हलतोय." तो तर रावजीलाही दिसत होता.

गोष्ट आळीभर झाली. उमाबाईंनीच केली. मास्तरीणबाईंच्या तोंडून निघालेली गोष्ट रत्नागिरीत पोचायला कितीसा वेळ लागणार! पावस गावाहून एका बागायतदाराचा सेट आंब्याच्या पेटीत पेंढा घालून आला. मग एका वकिलाचा आला, मग कुणाच्या आजोबांचा. नवीन ट्रान्झिस्टर घरात असताना लोक माळ्यावरचे जुने सेट उतरवू लागले. येणारा आधी बिचकायचा. दुरुस्त करणारा ठार बहिरा, आणि समोर बसलेली बाई डोळे मिटून म्हणतेय, "ह्याच्यात माशी अडकलीय, बाटलीतली." आणि रावजी बरोब्बर तोच कंडेन्सर काढतोय. गिऱ्हाइकं म्हणायची, रावजी बघतो आणि राही ऐकते. राही आता कुणाशीही तोंड वर करून बोलायची. बाजारात कोळणींशी घासाघीस करताना तर फारच.

शहाऐंशी सालच्या मार्गशीर्षात गुहागरहून बोलावणं आलं. सेट भलामोठा, हलवता येण्याजोगा नाही, तेव्हा तुम्हीच या. राही आणि रावजी दोघांनी मिळून केलेला तो पहिला प्रवास. सकाळच्या एसटीनं जयगड, तिथून होडीनं खाडी ओलांडून पलीकडे, पुन्हा एसटी. नारळी-पोफळीच्या सावलीत एका घराच्या ओटीवर त्यांनी दोन दिवस काम केलं. दुसऱ्या दिवशी दुपारी सेट बोलला. घरच्या माणसांनी जेवू घातलं, वाटेसाठी चार शहाळी दिली.

परतताना खाडीवर आली तेव्हा ऊन कलतं होतं. भरतीचं पाणी किनाऱ्याच्या दगडांवर चढत होतं. शहाळ्यांची पिशवी मधे ठेवून दोघं जांभ्याच्या बांधावर टेकली. पाणी इतकं निवांत होतं की पलीकडचा डोंगर त्यात उलटा, न मोडता उभा होता. रावजीनं विडी काढली, पण पेटवली नाही.

"काय काय ऐकू येतंय?" त्यानं विचारलं.

राहीनं सांगायला सुरुवात केली. दगडाखाली पाणी चुबुकचुबुक करतंय, वासरू दूध पितं तसं. लांब कुणीतरी वल्हं आपटतंय. वर बगळे गेले, त्यांच्या पंखांचा नवं लुगडं झटकल्यासारखा आवाज आला. कुठे तरी नारळ पडला. ती सांगत होती आणि तो तिच्या तोंडाकडे बघत होता, खाडीकडे पाठ करून.

तेवढ्यात मागून होडीवाल्यानं हाक घातली. "चलाऽऽ, जयगड!" दुसऱ्यांदा घातली. चारपाच माणसं लगबगीनं उतरणीवरून गेली. राहीनं ऐकलं. पुढची होडी तासाभरानं होती, तिला माहीत होतं. तिनं बांधावरून पाय सोडले आणि आणखी एका पक्ष्याचं सांगायला घेतलं.

रावजीनं तिच्या नजरेवरून काहीतरी ओळखलं.

"हाक मारली काय गो त्यानं?"

"नाय," राही म्हणाली.